पीळ दिलेल्या तारा

सभागृहाच्या छताला टांगलेल्या प्रोजेक्टरच्या मागे पाहिलं, तर त्यात शिरणारी केबल बहुतेक वेळा आपल्या ओळखीची निघते. ऑफिसात कॉम्प्युटरला इंटरनेट देणारी, टोकाला पारदर्शक आरजे-४५ प्लग असलेली साधी लॅनची केबल. मंचावरच्या लॅपटॉपमधलं चित्र, त्याचा आवाज, प्रोजेक्टर चालू-बंद करायची आज्ञा, सगळं त्या एका केबलमधून पन्नास-साठ मीटर प्रवास करून येतं. खरं तर ही केबल चित्रांसाठी बनवलेलीच नाही. तिच्या आत तांब्याच्या आठ बारीक तारा असतात, त्यांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. आवाज आणि चित्र दूरवर नेण्याच्या गेल्या तीसेक वर्षांतल्या बऱ्याच युक्त्या या पिळाचा फायदा घेण्यातून निघाल्या, आणि उरलेल्या त्या पिळानेच उभ्या केलेल्या अडचणी सोडवण्यातून.

पिळाची गरज आधी टेलिफोनवाल्यांना भासली. सुरुवातीचे टेलिफोन एकाच तारेवर चालत आणि वीज परत येण्यासाठी जमिनीचा उपयोग करत. शहरांत विजेचे दिवे आणि विजेवरच्या ट्राम आल्या तशी त्या तारांवर खरखर आणि गुरगुर वाढू लागली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ मध्ये अमेरिकेत जे पेटंट घेतलं, त्यात परतीसाठी दुसरी तार वापरायची आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, अशी योजना होती. (त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, म्हणजे ही कल्पना आपल्याकडच्या टेलिफोनपेक्षा जुनी आहे.) खांबांवरून जाणाऱ्या उघड्या तारांना पीळ देता येत नसे, म्हणून तिथे ठरावीक अंतरावर डावी तार उजवीकडे आणि उजवी डावीकडे नेत. तोही एक सैलसर पीळच.

याचा उपयोग कसा होतो? शेजारून विजेची लाइन जात असेल, तर जवळच्या तारेत जास्त गडबड शिरते आणि लांबच्या तारेत कमी. पीळ असला की जवळची तार पुढच्याच सेंटिमीटरला लांबची होते. शेवटपर्यंत पोचताना दोघींच्या वाट्याला आलेली गडबड जवळजवळ सारखी होते. सिग्नल मात्र दोन्ही तारांवर उलटसुलट पाठवलेला असतो: एकीवर दाब वाढतो तेव्हा दुसरीवर तेवढाच कमी होतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फक्त फरक मोजतं. एका होडीत दोन माणसं उभी आहेत असं समजा. लाटेने होडी कितीही वरखाली झाली, तरी त्या दोघांच्या उंचीतला फरक बदलत नाही. गडबड म्हणजे लाट, आणि सिग्नल म्हणजे हा फरक. नाट्यगृहातल्या मायक्रोफोनच्या केबलही याच तत्त्वावर चालतात, त्यांनाच साउंडवाले ‘बॅलन्स्ड लाइन’ म्हणतात. होडी लक्षात राहू द्या. पुढे तिचा आणखी एक उपयोग आहे.

आता लॅन केबलकडे येऊ. चार जोड्या एकाच आवरणात शेजारी शेजारी असतात. सगळ्यांना सारखाच पीळ दिला, तर दोन जोड्यांचे पीळ एकमेकांशी जुळतील आणि एकीचा सिग्नल दुसरीत पाझरत राहील. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ मुद्दाम वेगळा ठेवतात. केबल सोलून पाहिलीत तर एखादी जोडी घट्ट वळलेली दिसेल, दुसरी थोडी सैल. नेटवर्कसाठी ही रचना उत्तमच आहे. पण जिच्यावर पीळ घट्ट, तिच्यात तांबं जास्त लांबीचं लागतं, आणि जास्त लांबीवरून जाणारा सिग्नल उशिरा पोचतो. चारही जोड्या एकाच वेळी निघाल्या तरी एकाच वेळी पोचत नाहीत. कॅट-५ दर्जाच्या लॅन केबलच्या प्रमाणकात १०० मीटरमध्ये सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद जोडीत ४५ नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. कॉम्प्युटरच्या नेटवर्कला हा फरक सहज सोसतो. चित्राला मात्र तो सोसत नाही.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीत चित्र पाच सिग्नलांनी बनतं: लाल, हिरवा, निळा हे तीन रंग, ओळ कुठे सुरू होते हे सांगणारा एक इशारा आणि अख्खी चौकट कुठे सुरू होते हे सांगणारा दुसरा. व्हीजीएची जाड केबल लांबवर नेणं महागात पडे आणि ती भिंतीतल्या पाइपातून ओढणं त्रासाचं असे. म्हणून तंत्रज्ञांनी तीन रंग लॅन केबलच्या तीन जोड्यांवर बसवले. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ६० वेळा काढायचं, तर एका ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १५ नॅनोसेकंद येतात. लाल रंग निळ्यापेक्षा ४५ नॅनोसेकंद उशिरा आला, तर तो तीन ठिपके उजवीकडे सरकतो. १२८० गुणिले १०२४ च्या चित्रात एका ठिपक्याला जेमतेम ९ नॅनोसेकंद मिळतात, तिथे हीच चूक जवळजवळ पाच ठिपक्यांची होते. पडद्यावरच्या प्रत्येक काळ्या अक्षराला एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर कड आलेली दिसते. नीट सेट न केलेल्या प्रोजेक्टरसमोर बसून ज्यांनी एक्सेलचे तक्ते वाचले आहेत, त्यांचे डोळे दुखण्याचं एक कारण हे होतं.

उपाय असा, की लवकर येणाऱ्या रंगांना थांबवायचं. प्रोजेक्टरजवळच्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी विलंब-पट्टी असे आणि पडद्यावर उभ्या पांढऱ्या रेषांचं चित्र लावून रेषा शुद्ध पांढऱ्या होईपर्यंत नॅनोसेकंद वाढवत न्यायचे. काही उत्पादकांनी दुसरी वाट धरली आणि रंगांच्या जोड्यांची लांबी सारखी राहील असा पीळ असलेली खास केबल काढली. तिच्यावर चित्र सुरेख येई, पण तीच केबल नेटवर्कला जोडू नका, अशी सूचना द्यावी लागे. जोड्यांमधला पाझर रोखणारा पिळातला फरकच तिच्यात राहिलेला नव्हता.

उशिराबरोबर दुसरी अडचण होती क्षीणतेची. तांब्याची बारीक तार सगळ्या वेगाच्या सिग्नलांना सारखं वागवत नाही. कॅट-५ई केबलच्या प्रमाणकानुसार १०० मीटरनंतर १ मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा दाब साधारण चार-पंचमांश उरू शकतो, तर १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा जेमतेम बारावा-तेरावा हिस्सा. चित्रात मोठे रंगीत पट्टे कमी वेगाच्या सिग्नलात असतात, अक्षरांच्या धारदार कडा जास्त वेगाच्या. म्हणून लांब केबलवरचं चित्र आधी रंग हरवत नाही, आधी कडा हरवतं. रिसीव्हरमधला इक्वलायझर उलटं काम करतो: जे जास्त क्षीण झालं, ते जास्त वाढवतो. अंतर जितकं मोठं, तितकी वाढ मोठी.

सिग्नल पाच आणि जोड्या चार, हा प्रश्न राहिला. तीन रंग तीन जोड्यांवर गेले, दोन इशारे उरले, आणि चौथी जोडी तर आवाजासाठी राखून ठेवायची. इथे होडी परत कामाला येते. जोडीतल्या दोन तारांचा फरक रंग सांगतो. मग दोन्ही तारांचा दाब एकदम वर किंवा खाली केला, म्हणजे होडीच हलवली, तर फरक तसाच राहील. रंगाला धक्का न लावता आणखी काही सांगता येईल. तंत्रज्ञांनी दोन्ही इशारे असेच तीन जोड्यांच्या एकत्रित चढउतारात बसवले. लाल, हिरव्या आणि निळ्या जोडीवर ते अशा प्रमाणात वाटले, की तिन्हींची बेरीज कायम शून्य राहावी आणि केबलमधून बाहेर रेडिओलहरी सुटू नयेत. गडबड गाळण्यासाठी ज्या वाटेकडे दुर्लक्ष करायचं, तीच वाट निरोप नेण्यासाठी वापरायची, ही या सगळ्या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना आहे. मोकळ्या राहिलेल्या चौथ्या जोडीवरून एक बॅलन्स्ड आवाज जाई. सर्व्हर रूममध्ये तिच्यावरून कीबोर्ड आणि माउस चालवत.

आतापर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विचार केला. प्रत्यक्षात सभागृहात, रुग्णालयाच्या प्रशिक्षण कक्षात किंवा पोलिसांच्या नियंत्रण कक्षात चित्रांचे उगम अनेक असतात आणि पडदेही अनेक. कोणतं चित्र कोणत्या पडद्यावर, हे क्षणोक्षणी बदलतं. त्यासाठी मध्ये मॅट्रिक्स स्विचर बसवतात. आठ आडव्या वाटा आत येणाऱ्या, आठ उभ्या वाटा बाहेर जाणाऱ्या, आणि जिथे जिथे त्या एकमेकींना छेदतात अशा ६४ जागी एकेक इलेक्ट्रॉनिक कळ. जुन्या क्रॉसबार टेलिफोन एक्स्चेंजची मांडणी तत्त्वतः अशीच होती. फरक इतकाच, की मॅट्रिक्समध्ये एक उगम एकाच वेळी आठही पडद्यांवर पाठवता येतो.

लॅन केबल आणि मॅट्रिक्स एकत्र आले की एक नवा गुंता तयार होतो, आणि अनुभवी माणूस नवख्यापेक्षा वेगळा दिसतो तो इथेच. समजा मंचावरचा लॅपटॉप मॅट्रिक्सपासून २० मीटरवर आहे, कॅमेरा ९० मीटरवर, आणि मॅट्रिक्सपासून प्रोजेक्टर ६० मीटरवर. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला तर चित्र ८० मीटर आलं, कॅमेरा जोडला तर १५०. प्रोजेक्टरजवळ इक्वलायझर आणि विलंब ८० मीटरला जुळवून ठेवला, तर कळ दाबून कॅमेरा लावताक्षणी चित्र फिकट आणि कडा रंगीत. १५० ला जुळवला, तर लॅपटॉपचं चित्र टोकदार होऊन टोचतं. यावरचा खरा मार्ग म्हणजे मॅट्रिक्समध्ये शिरतानाच प्रत्येक चित्र स्वच्छ करून घेणं. येणाऱ्या केबलचा हिशोब दारातच मिटवायचा, म्हणजे आतल्या कळा फक्त शुद्ध चित्रांची अदलाबदल करतात, आणि पुढच्या ६० मीटरचा हिशोब प्रोजेक्टरजवळ एकदाच लावला की कायमचा लागतो.

२००२ च्या अखेरीस एचडीएमआय आलं आणि चित्र डिजिटल झालं. रंगीत कडांचा त्रास गेला, पण आता चित्र आणि पडदा यांच्यात संवाद होऊ लागला. जोडल्या जोडल्या पडदा आपली माहिती पाठवतो: मी किती ठिपक्यांचं चित्र दाखवू शकतो, कोणता आवाज घेऊ शकतो. या माहितीपत्रकाला ईडीआयडी म्हणतात आणि त्याचा मूळ तुकडा १२८ बाइटचा असतो. त्यानंतर चित्रपटांच्या नकला होऊ नयेत म्हणून एचडीसीपी नावाची पडताळणी होते. साध्या केबलवर हे गुपचूप उरकतं. मध्ये मॅट्रिक्स असेल, एका बाजूला 4के टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला जुना प्रोजेक्टर असेल, तर लॅपटॉपला कोणाचं माहितीपत्रक दाखवायचं? टीव्हीचं दाखवलं तर प्रोजेक्टर काळा पडतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं, त्यामागे बऱ्याच वेळा केबल नसते, हा न जुळलेला संवाद असतो. चांगल्या मॅट्रिक्समध्ये सगळ्या पडद्यांना झेपेल असं एकच माहितीपत्रक ठरवून ठेवता येतं. ज्याने सभागृह उभारलं, त्याच्याकडून हे करून घ्याच. कार्यक्रमाच्या दिवशी ते करायला वेळ नसतो.

एचडीएमआयमध्ये चित्राच्या वाहिन्याच चार जोड्यांच्या असतात, त्यामुळे सुरुवातीची यंत्रं दोन लॅन केबल मागत: एक चित्राला, दुसरी या संवादाला. २०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स या इस्रायली चिप कंपनीने मिळून एचडीबेसटी ही पद्धत आणली आणि एका केबलवर भागू लागलं. तिच्यात चित्र, आवाज, १०० मेगाबिटचं नेटवर्क, नियंत्रणाच्या आज्ञा आणि १०० वॉटपर्यंत वीज हे सगळं एकत्र जातं, तेही १०० मीटरपर्यंत. एकेका जोडीवर दाबाच्या सोळा पायऱ्या ठरवलेल्या असतात, म्हणजे एका ठोक्याला ४ बिट. सेकंदाला ५० कोटी ठोके, चार जोड्या, मिळून ८ गिगाबिट. १९२० गुणिले १०८० च्या चित्राला, सेकंदाला ६० चौकटी धरून, सुमारे ३ गिगाबिट लागतात, ते त्यात आरामात बसतं. 4के चित्राला तेवढ्याच वेगाने सुमारे १२ गिगाबिट लागतात, ते बसत नाही. म्हणून आधी रंगांची माहिती कमी करून किंवा दाबून पाठवावी लागे. पुढे आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ती उणीव भरून काढली.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. एचडीबेसटीची केबल नेटवर्कच्या केबलसारखीच दिसते, प्लग तोच आहे, पण तिच्यावरून धावणारा सिग्नल इथरनेट नाही. ती नेटवर्क स्विचमध्ये खुपसली तर चालणार नाही, आणि तिच्यावरून वीज जात असेल तर यंत्र बिघडूही शकतं. प्लग बसतो म्हणून जोडू नका.

आवाजाने मात्र खरोखरच्या इथरनेटची वाट आधी धरली. आवाजाला जागा थोडी लागते: सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येकी २४ बिट, म्हणजे एका वाहिनीला सुमारे सव्वा मेगाबिटसुद्धा नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ऑडिनेट कंपनीची ‘दान्ते’ पद्धत एका गिगाबिट केबलवरून जाण्याच्या ५१२ आणि येण्याच्या ५१२ वाहिन्या नेऊ शकते. ऑर्केस्ट्राच्या दौऱ्यांत मंचापासून मागच्या मिक्सरपर्यंत टाकायचा जाडजूड, दोन माणसांनी उचलायचा मल्टिकोर ज्यांनी वाहिला आहे, त्यांना एका लॅन केबलची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. इथे मॅट्रिक्सची पेटी उरतच नाही. साधा नेटवर्क स्विच पाकिटं पोचवतो आणि कोणता माइक कोणत्या स्पीकरला हे कॉम्प्युटरवर ठरतं. त्याची अट एकच: सगळ्या यंत्रांची घड्याळं मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली हवीत, आणि नेटवर्कवरून सतत चालणारी विलक्षण काटेकोर घड्याळजुळणी ते करते.

चित्रही आता या वाटेने जातं. १ गिगाबिटच्या जाळ्यावर ते दाबून पाठवावं लागतं, १० गिगाबिटच्या जाळ्यावर दाबण्याची गरज बरीच कमी होते. पडदे आठाचे आठशे झाले तरी जाळं वाढवता येतं, ही याची मोठी ताकद. पण माझ्या मते एका सभागृहाला त्याची घाई नको. दाबण्यात आणि उलगडण्यात वेळ जातो, कधी एक चौकट, कधी काही चौकटी. एचडीबेसटीला लागणारा उशीर इतका सूक्ष्म असतो की जाणवतच नाही. वक्ता समोर उभा आहे आणि त्याचाच चेहरा मागच्या पडद्यावर आहे, अशा वेळी दोन-तीन चौकटींचा उशीरही डोळ्यांना खटकतो. ओठ आणि आवाज यांच्याबाबत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मर्यादा सांगते, की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला, की माणसाला फरक कळू लागतो. आधी आलेला आवाज आपल्याला जास्त खुपतो, म्हणून चित्राला उशीर होत असेल तर आवाजही तेवढाच रोखून धरावा लागतो.

यंत्रं बदलतील, भिंतीतली केबल वीस वर्षं राहते. म्हणून शेवटी तिच्याविषयी. प्लग लावताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नसतो. आणि रंग क्रमाने लावायचे नसतात: तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर एक जोडी असते, चौथ्या आणि पाचव्यावर दुसरी. एखाद्याने चारही जोड्या सरळ ओळीने, एक-दोन, तीन-चार, पाच-सहा अशा बसवल्या आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तर दिव्यांच्या साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात आणि सगळं ठीक दिसतं. पण आता तीन आणि सहावरचा सिग्नल दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारांवरून जातो, त्यांचा एकमेकींशी पीळच नाही, आणि बेलने सुचवलेलं संरक्षण तिथे संपतं. पंधरा मीटरवर कदाचित चालेल, साठ मीटरवर चित्र मध्येच तुटत राहील आणि दोष यंत्राला लागेल. जोडीनिहाय मोजणारं यंत्र वापरल्याशिवाय हा दोष सापडत नाही. एचडीबेसटीच्या अनेक केबल एकत्र आवळून बांधणं किंवा उरलेल्या केबलचं गोल वेटोळं करून ठेवणंही टाळावं. शेजारच्या केबलचा सिग्नल तिथे पाझरतो.

आणि तांबं तपासा. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल कॅट-६ च्या छापाने स्वस्तात विकली जाते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, त्यामुळे ती वीज नेताना तापते, आणि प्लगमध्ये तिची तार ठिसूळपणे तुटते. तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती परत करा. मीटर असेल तर मोजा: १०० मीटरला एका तारेचा रोध ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये. नवं सभागृह, शाळेचा हॉल किंवा घर बांधत असाल, तर प्रत्येक पडद्यापर्यंत पूर्ण तांब्याच्या कॅट-६ए केबलच्या दोन लाइनी रिकाम्या पाइपातून टाका, दोन्ही टोकांना नंबर लिहा, आणि जोडीनिहाय तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.